ट्रेलर ओढण्यासाठी डिझेल पिकअप: जुनं इंजिन घ्यावं की नवं?

अमेरिकेत सात-आठ हजार पौंडांचा कॅम्पिंग ट्रेलर किंवा मोठी बोट ओढायचं ठरलं की डिझेल पिकअपचा विषय निघतोच, आणि पाठोपाठ दोन सल्ले येतात. एक जण सांगतो, १९९७ चं कमिन्स इंजिन शोधा, ते कधी मरत नाही. दुसरा सांगतो, आजच्या इंजिनापुढे जुन्याचं काय घेऊन बसलात! आकडे दुसऱ्याच्या बाजूने आहेत. १९८९ मध्ये डॉजच्या (आताच्या रॅमच्या) पिकअपमध्ये आलेलं कमिन्स कंपनीचं ५.९ लिटर इंजिन १६० हॉर्सपॉवर आणि ४०० पौंड-फूट टॉर्क देत होतं. २०२५ च्या रॅममधलं ६.७ लिटर कमिन्स ४३० हॉर्सपॉवर आणि १,०७५ पौंड-फूट देतं. तरीही केवळ ताकदीवरून निवड करू नका. ट्रेलर किती जड आहे, वर्षाला तो किती मैल ओढणार, वाटेत घाट किती लागतात, उरलेले दिवस गाडी कशी चालणार आणि बिघडल्यावर तिला हात कोण लावणार, याची उत्तरं आधी कागदावर लिहून काढा. इंजिन त्यातूनच ठरतं.

आधी वजन, मग इंजिन

ट्रेलरच्या जाहिरातीत जे 'ड्राय वेट' छापतात त्यावर हिशेब करू नका. त्यात पाणी, भांडीकुंडी, कपडे, सायकली काहीच धरलेलं नसतं. ६,४०० पौंडांचा म्हणून विकलेला ट्रेलर कुटुंबाचं सामान भरून निघतो तेव्हा सहज ७,८०० पौंडांवर जातो. साध्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे पिकअपला ट्रेलर जोडणाऱ्या जोडावर, येतो. १३ टक्के धरले तर हे झाले साधारण १,०१० पौंड. भार पुढच्या चाकांकडे वाटून देणारी हिच १०० पौंड, चार माणसं ६०० पौंड, हौद्यातला जनरेटर, सरपण आणि कूलर मिळून ३०० पौंड. एकूण २,०१०.

हा सगळा भार पिकअपच्या पेलोडमधून, म्हणजे ती स्वतःवर किती वजन वाहू शकते त्या मर्यादेतून, जातो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल याचा स्टिकर असतो. तोच आकडा खरा, माहितीपत्रकातला नाही. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कित्येक शे पौंडांनी जड असतं, त्यामुळे फोर्डच्या एफ-२५० किंवा रॅम आणि जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) २५०० वर्गातल्या सजवलेल्या डिझेल पिकअपचा पेलोड अनेकदा २,००० पौंडांच्याच आसपास राहतो. म्हणजे १५ हजार पौंड ओढण्याची क्षमता सांगणारी गाडी वरच्या हिशेबात काठावर येते. हौद्यातल्या जोडावर टेकणाऱ्या फिफ्थ व्हील ट्रेलरचा २० टक्क्यांच्या आसपास भार थेट मागच्या ॲक्सलवर बसतो: १२,००० पौंडांच्या ट्रेलरचे २,४०० पौंड, शिवाय हिच वेगळी. तिथे ३५० किंवा ३५०० वर्गाखाली विचारच नको.

२००५-०६ च्या आधीच्या गाड्यांवर पेलोडचा हा स्टिकर बहुधा सापडत नाही. तेव्हा चौकटीवरचा कमाल वजनाचा आकडा, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, लिहून घ्या, टाकी भरून गाडी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर तोला आणि वजाबाकी करा. जुन्या-नव्या गाड्यांच्या 'टो रेटिंग'ची तुलनाही सरळ करता येत नाही. पूर्वी प्रत्येक कंपनी स्वतःच्या पद्धतीने आकडा ठरवत असे. गेल्या दशकात कंपन्या एसएई जे२८०७ या सामाईक कसोटीकडे वळल्या. त्यात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा सुमारे १२ मैलांचा चढ भर उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, ठरावीक किमान वेगाने चढावा लागतो.

जुनं आणि नवं यांच्यामधल्या दोन रेषा

पहिली रेषा २००७ ची. काजळीचे नियम कडक झाले आणि सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ ही गाळणी बसली. ही गाळणी भरली की आतलं तापमान सुमारे १,१०० अंश फॅरेनहाइटवर नेऊन काजळी जाळावी लागते. त्याला रीजन म्हणतात. दुसरी रेषा २०१० ची. नायट्रोजन ऑक्साइडच्या मर्यादेमुळे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ, धुरात फवारणं सुरू झालं. फोर्ड आणि जीएमने ते २०११ च्या मॉडेलपासून घेतलं, रॅमच्या पिकअपनी २०१३ पासून.

ट्रेलर ओढणाऱ्याला यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी. डीपीएफ जड ओझ्याने बिघडत नाही, हलक्या वापराने बिघडतो. लांब चढावर धूर आपोआप तापतो आणि काजळी जळत राहते. रोज चार मैलांवर मुलांना शाळेत सोडणं, थंड इंजिन बंद-चालू करणं, पार्किंगमध्ये तासभर इंजिन चालू ठेवणं, यात गाळणी भरते, रीजन अर्धवट राहतं, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात नेणारी व्यवस्था) काजळीने चोंदतो आणि शेवटी काही हजार डॉलरचं बिल येतं. नव्या इंजिनांच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इंजिनात नसून या वापरात असतं.

याच काळात तिसरा बदल इंधनात झाला. २००६ पासून पंपावर १५ पीपीएम (दहा लाखांत १५ भाग) गंधकाचं डिझेल आलं. हे डिझेल मुळात कमी वंगण देतं, आणि अमेरिकेचं मानक युरोपपेक्षा सैल आहे: कसोटीत झिजेचा व्रण युरोपात ४६० मायक्रॉनपर्यंत चालतो, अमेरिकेत ५२० पर्यंत. पुढे सीपी४ या इंधन पंपाचा विषय येईल तेव्हा हा फरक लक्षात ठेवा.

जुनी इंजिनं, एकेक करून

१९९४ ते १९९८ चं १२-वॉल्व्ह कमिन्स त्याच्या नावाला शोभेल असं आहे. त्याचा बॉश पी७१०० पंप पूर्ण यांत्रिक आहे आणि त्याला वंगण इंजिन ऑइलचं मिळतं, डिझेलचं नाही. म्हणून आजचं डिझेल त्याला बाधत नाही. पण यात एक छुपा धोका आहे. टायमिंग गिअरच्या घरात एक लहान पोलादी डॉवेल पिन असते. कंपनांनी ती सुटून गिअरमध्ये पडते आणि इंजिन फोडते. पुढचं कव्हर उघडून तिच्या तोंडावर पत्र्याची पट्टी बसवणं एवढाच इलाज आहे. किट स्वस्त असतं, मेहनत कव्हर काढण्याची. ते काम झाल्याचं बिल नसेल तर झालेलं नाही असंच धरा, आणि करताना क्रँकचं पुढचं सील बदलून घ्या. या गाडीची खरी कमजोरी इंजिनामागे आहे: ४७आरएच आणि ४७आरई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जड ट्रेलरपुढे लवकर हात टेकतात, तर एनव्ही४५०० मॅन्युअलमध्ये पाचव्या गिअरचा नट सैल होतो.

त्यानंतरचं १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतचं २४-वॉल्व्ह घेताना दुप्पट सावध राहा. त्याच्या व्हीपी४४ पंपाला थंडावा आणि वंगण दोन्ही डिझेलमधूनच मिळतं. टाकीकडून डिझेल ढकलणारा कारखान्याचा लिफ्ट पंप मरतुकडा निघतो आणि तो जाताना मोठ्या पंपालाही घेऊन जातो. इंधनाच्या दाबाचा गेज लावा. भाराखाली १० पीएसआयच्या खाली काटा जाता कामा नये. इंजिनाच्या कुशीवर ५३ हा ओतीव आकडा दिसला तर ब्लॉक पाण्याच्या बाजूने तडकण्याची ख्याती असलेला आहे. असा ब्लॉक सोडून द्या.

२००३ ते २००७ चं कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) ५.९ हा आमच्या मते कमिन्सच्या जुन्या पिढीतला सर्वांत चांगला मध्यममार्ग. त्यात सीपी३ हा इंधन पंप आहे, डीपीएफ नाही, आणि २००४ च्या मध्यापासून ३२५ हॉर्सपॉवर, ६०० पौंड-फूट मिळतात. दुखणं सहा इंजेक्टरचं. घाणेरडं डिझेल त्यांना खातं, म्हणून दुसरा बारीक फिल्टर बसवणं ही चैन नव्हे.

फोर्डचं ७.३ पॉवरस्ट्रोक १९९४ च्या मध्यापासून २००३ पर्यंत आलं. यात इंजेक्टर ऑइलच्या दाबावर चालतात, त्यामुळे ऑइल जुनं झालं की सुरू होणं आणि आयडलिंग दोन्ही बिघडतं. १५ क्वार्ट ऑइल, ५,००० मैलांवर बदल, यात काटकसर नको. धावता धावता अचानक इंजिन बंद पडतं ते बहुधा कॅम पोझिशन सेन्सरमुळे. एक जादा सेन्सर आणि १० मिलिमीटरचा पाना डॅशबोर्डच्या कप्प्यात कायम असू द्या. कूलंटमध्ये एससीए हे पूरक रसायन पट्टीने तपासा. ते कमी पडलं तर सिलिंडरच्या भिंतीवर बुडबुडे फुटून बारीक छिद्रं पडतात, आणि त्यावर उपाय उरत नाही. याच्या ऑटोमॅटिकचा कूलर लहान आहे, नंतरच्या ६.० च्या गाडीचा मोठा कूलर त्यावर बसतो आणि ओढणाऱ्याने तो बसवावाच. ७.३ टिकाऊ आहे, पण रॉकी पर्वतात १०,००० पौंड घेऊन ते ३५-४० मैलांच्या वेगाने चढेल, हे मान्य असेल तरच घ्या.

जीएमच्या ड्युरामॅक्स इंजिनात वर्षापेक्षा इंजिनाचा कोड महत्त्वाचा. एलबी७ (२००१ ते २००४) मध्ये आठही इंजेक्टर वॉल्व्ह कव्हरच्या आत आहेत. ते आतल्या आत गळले की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. जीएमने या इंजेक्टरची वॉरंटी ७ वर्षं किंवा २ लाख मैलांपर्यंत वाढवली होती. ती मुदत कधीच संपली. आता बदलायचे तर ३ ते ५ हजार डॉलर धरा. एलएलवाय (२००४ च्या मध्यापासून २००५) ओझं घेऊन उन्हाळ्यात तापतं. टर्बोच्या तोंडाशी हवेची वाट अरुंद आहे, हे त्याचं एक मोठं कारण. एलबीझेडचा तो भाग बसवून बराच फरक पडतो. एलबीझेड (२००६ ते २००७) मात्र मनापासून सुचवावं असं आहे: ३६० हॉर्सपॉवर, ६५० पौंड-फूट, सहा गिअरचा ॲलिसन १००० गिअरबॉक्स आणि डीपीएफ नाही. बाजारालाही हे ठाऊक असल्यामुळे किंमत चढी असते. ताकद वाढवणारा ट्यून (बदललेलं सॉफ्टवेअर) टाकलेलं एलबीझेड घेऊ नका. त्याचे पिस्टन तडकतात.

मधला दुखरा काळ

फोर्डचं ६.० (२००३ ते २००७) स्वस्तात दिसतं आणि म्हणूनच फसवतं. बिघाडाची साखळी ओळखून ठेवा. कूलंटमधला गाळ ऑइल कूलरच्या बारीक वाटा बुजवतो. ऑइल कूलरमधून पुढे ईजीआर कूलरला जाणारं कूलंट आटतं, तो फाटतो, कूलंट सिलिंडरमध्ये शिरून वाफ होतं आणि दाब वाढून हेड उचललं जातं, कारण प्रत्येक सिलिंडरभोवती चारच बोल्ट आहेत, ७.३ ला सहा होते. तपासणी सोपी आहे. स्कॅनर लावून गाडी पूर्ण तापवा, सपाट हायवेवर एका वेगाने चालवा आणि ऑइलचं व कूलंटचं तापमान शेजारी शेजारी वाचा. फरक १५ अंश फॅरेनहाइटहून जास्त असेल तर ऑइल कूलर बुजला आहे. इंजेक्टरना वीज देणाऱ्या एफआयसीएमचा व्होल्टेज सुरू करताना ४८ च्या जवळ हवा. ४५ च्या खाली गेला तर इंजेक्टर मारले जातात. दोन्ही कूलर, हेडचे स्टड आणि गॅस्केट बदलल्याची बिलं असलेलं ६.० चांगलं ओढतं. बिलं नसलेलं, नाकापेक्षा मोती जड.

फोर्डचं ६.४ (२००८ ते २०१०) घेऊ नका. रीजनसाठी ते उशिरा सिलिंडरमध्येच डिझेल सोडतं, ते भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. त्यात रेडिएटरची गळती, पिस्टनना तडे, आणि मोठ्या कामाला कॅब उचलावी लागते. जीएमचं एलएमएम (२००७ च्या मध्यापासून २०१०) यापेक्षा खूप बरं. कमिन्सचं सुरुवातीचं ६.७ इंजिन म्हणून भक्कम, पण टर्बोत काजळी साचून त्याच्या पात्या अडकतात.

नवी इंजिनं: ताकद भरपूर, पंप कोणता ते विचारा

नव्या गाडीत पहिला प्रश्न इंधनाच्या पंपाचा. बॉश सीपी४ मध्ये रोलर किंचित आडवा फिरला की कॅम घासतो, आणि धातूचा चुरा रेल, आठ इंजेक्टर, टाकी सगळीकडे पसरतो. नुसता पंप बदलून भागत नाही. बिल दहा हजार डॉलरच्या घरात जातं. ड्युरामॅक्स एलएमएल (२०११ ते २०१६) आणि फोर्डचं ६.७ (२०११ पासून) यात हाच पंप आहे. कमिन्सने तो २०१९ व २०२० मध्ये वापरला, मग रिकॉल करून सीपी३ बसवून दिला. ते काम झालं का, हे व्हीआयएन, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून पाहता येतं. ड्युरामॅक्स एल५पी (२०१७ पासून) डेन्सोचा पंप घेऊन आलं आणि टाकीत लिफ्ट पंपही आला. पंप आणि गिअरबॉक्स दोन्हींचा विचार केला तर वापरलेल्या नव्या पिढीत एल५पी आम्हाला उजवं वाटतं.

सीपी४ असलेली गाडी टाकाऊ नव्हे. फिल्टर मुदतीत बदला, पाणी वेगळं करणारा कप दर महिन्याला उघडून पाहा, वंगण वाढवणारं ॲडिटिव्ह प्रत्येक टाकीला घाला, आणि पंप फुटलाच तर चुरा इंजेक्टरकडे न जाऊ देणारं बायपास किट बसवा. टाकीत चुकून पेट्रोल गेलं तर इंजिन सुरू करू नका, किल्लीसुद्धा फिरवू नका. गाडी ओढून न्या.

फोर्डच्या ६.७ मध्ये २०११ ते २०१४ चा टर्बो लहान आणि नाजूक. २०१५ पासून मोठा आला. २०२० पासून १० गिअर मिळाले, आणि २०२३ पासूनच्या हाय आउटपुट प्रकारात ५०० हॉर्सपॉवर व १,२०० पौंड-फूट. कमिन्सच्या ६.७ मध्ये हवा तापवणाऱ्या ग्रिड हीटरचा बोल्ट झिजून सिलिंडरमध्ये पडण्याचा धोका २०२४ पर्यंतच्या गाड्यांत आहे. मैल जास्त झाले असतील तर तो भाग उघडून पाहा किंवा बोल्ट नसलेला पर्यायी हीटर बसवा. २०२५ पासून तिथे ग्लो प्लग आले. कमिन्सचा क्रँककेस फिल्टर ६७,५०० मैलांवर बदलायचा असतो आणि पुष्कळ मालक ते विसरतात.

डीईएफ १२ अंश फॅरेनहाइटला गोठतं, पण टाकीत हीटर असतो, त्याची धास्ती नको. धास्ती असावी ती जुन्या साठ्याची. खप जास्त असलेल्या ट्रक स्टॉपवरून घ्या आणि गॅरेजच्या उन्हात वर्षभर पडलेला डबा ओतू नका.

उतार, गिअरबॉक्स आणि ब्रेक

नव्या गाडीच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा हा आहे, आणि हॉर्सपॉवरच्या चर्चेत तो मागे पडतो. डेन्व्हरहून आय-७० ने आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे. तिथवर चढणं हा वेळेचा प्रश्न. पलीकडे सात टक्क्यांच्या उताराने ८,००० पौंड घेऊन उतरणं हा जिवाचा. डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसल्यामुळे नुसतं ॲक्सिलरेटर सोडून इंजिन फारसं धरत नाही. त्यासाठी धुराची वाट अडवून इंजिनाला धरायला लावणारा एक्झॉस्ट ब्रेक लागतो. कमिन्सच्या ६.७ मध्ये तो २००७ पासून टर्बोतच आहे, ड्युरामॅक्स आणि फोर्डमध्ये २०११ पासून. जुन्या गाडीला बाहेरून बसवता येतो, पण १२-वॉल्व्हला त्यासोबत ताठ वॉल्व्ह स्प्रिंग घालाव्या लागतात आणि ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर लॉक राहील अशी सोय करावी लागते. या खर्चाशिवाय जुनी गाडी घाटात नेऊ नका.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतार उतरण्याची सवय आपल्याकडे काहींना असते. इथे ओझं मागे असताना ती जिवावर बेतेल. माथ्यावर पोचण्याआधीच टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरबॉक्सची सोय) लावा, ज्या वेगाने उतरायचं त्याच्या ५ मैल खाली वेग आणा, खालच्या गिअरला इंजिनाला धरू द्या आणि ब्रेक थोडा वेळ जोरात दाबून पूर्ण सोडा. सतत हलका पाय ठेवला तर ब्रेक तापून निकामी होतात.

ट्रेलरच्या स्वतःच्या ब्रेकना कंट्रोलर लागतो. फोर्डने कारखान्यातून बसवलेला कंट्रोलर २००५ पासून दिला, बाकीच्यांनी नंतर. जुन्या गाडीला वेगळा बसवा, आणि वेळेनुसार नव्हे तर गाडी किती जोराने थांबते त्यानुसार ब्रेक देणारा प्रकार घ्या. गेज तीन हवेत: टर्बोच्या आधीचं धुराचं तापमान, गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान, इंधनाचा दाब. धूर लांब चढावर १,२५० अंश फॅरेनहाइटच्या वर राहू लागला तर गिअर उतरवा आणि पाय सैल करा. गिअरबॉक्स २२० च्या वर टिकून राहिला तर थांबा.

गाडी बघायला गेल्यावर

१. मालकाला आधीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर हूडखाली हात लावा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंडीत सुरू न होणं, पांढरा धूर, खडखड हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत दिसतं.

२. सुरू करण्याआधी डिपस्टिक बघा. पातळी खुणेच्या वर असेल तर ऑइलमध्ये डिझेल आहे. कूलंटच्या टाकीत तेलकट थर किंवा गाळ असेल तर तिथेच थांबा.

३. इंजिन तापल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडून उलटं करून भोकावर ठेवा. हलकी वाफ चालेल. झाकण उडून पडलं तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत.

४. स्कॅनर लावा. ड्युरामॅक्समध्ये प्रत्येक सिलिंडरचा बॅलन्स रेट, म्हणजे त्याला किती कमी-जास्त डिझेल द्यावं लागतं तो आकडा, पार्कमध्ये अधिक-उणे ४ च्या आत हवा. डीपीएफ असेल तर शेवटची रीजन किती मैलांमागे झाली ते पाहा. शंभर मैलही न होता पुन्हा पुन्हा होत असेल तर कुठेतरी बिघाड आहे. सगळे कोड नुकतेच पुसले असतील तर तेही स्कॅनर सांगतो, आणि ते प्रश्नचिन्हच.

५. इंधन फिल्टरच्या तळातलं थोडं डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरा. चमचमणारा चुरा दिसला तर पंप जाण्याच्या वाटेवर आहे.

६. गाडीखाली झोपून चेसिस ठोकून पाहा. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्ककडे रस्त्यावर मीठ टाकतात. इंजिन उत्तम आणि ब्रेकच्या नळ्या, स्प्रिंगचे आधार गंजून गेलेले, अशा गाड्या पुष्कळ. टेक्सास किंवा ॲरिझोनाची गाडी दोन हजार डॉलर जास्त देऊनही परवडते.

७. शक्य असेल तर भरलेला ट्रेलर लावूनच चालवा. दहा मैल चढ. रिकाम्या गाडीची चक्कर गिअरबॉक्सबद्दल काहीच सांगत नाही.

ऑइलचा नमुना प्रयोगशाळेला पाठवणं काही डॉलरचं काम आहे. अहवालात सिलिकॉन जास्त असेल तर धूळ आत जाते, सोडियम-पोटॅशियम असेल तर कूलंट.

कायदा

डीपीएफ, ईजीआर, डीईएफ काढून टाकलेली, म्हणजे 'डिलीट' केलेली गाडी बाजारात अनेकदा जास्त विश्वासार्ह म्हणून विकली जाते. असं काढून टाकणं फेडरल क्लीन एअर ॲक्टनुसार बेकायदा आहे. तपासणी असलेल्या राज्यात ती पास होणार नाही आणि सगळे भाग परत बसवणं गाडीच्या किमतीच्या मोठ्या हिश्शात जातं. कॅलिफोर्नियात १९९८ आणि नंतरच्या १४,००० पौंडांपर्यंतच्या डिझेल गाड्यांना स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी, लागतो. १९९७ आणि आधीच्यांना नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात १९९७ च्या १२-वॉल्व्हला एवढी मागणी का, याचं एक कारण हे. मॉडेल वर्ष १९९८ असलेलं तेच इंजिन मात्र तपासणीत येतं, म्हणून कागदावरचं वर्ष वाचा. ट्रेलरसह कॅलिफोर्नियात वेगमर्यादा ५५ मैल आहे, तेव्हा तिथे जादा हॉर्सपॉवरचा उपयोगही मर्यादित.

मग कोणतं?

ट्रेलर ८,००० पौंडांच्या आत, वर्षाला दोन-तीन हजार मैल, प्रदेश बहुतेक सपाट, आणि पाना हातात धरण्याची आवड: १२-वॉल्व्ह किंवा ७.३. किमतीवर आणखी चार-पाच हजार डॉलर वेगळे ठेवा. टायर (पिकअपचे सहा वर्षांहून जुने असतील तर खोली कितीही असो, बदला), ब्रेकच्या रबरी नळ्या, कंट्रोलर, गिअरबॉक्स कूलर, तीन गेज आणि एक्झॉस्ट ब्रेक यातच ते जातील. मुलं लहान असतील तर जुन्या कॅबमधल्या एअरबॅग आणि सीटचे अँकर आधी पाहा. तिथे नवी गाडी निर्विवाद पुढे आहे.

८,००० ते १२,००० पौंड, मधूनमधून घाट: ५.९ कॉमन रेल किंवा एलबीझेड, सेवेची बिलं असलेलं. तशी गाडी दीड-दोन महिन्यांत सापडली नाही तर हट्ट सोडा आणि २०१५ नंतरचं फोर्ड किंवा २०१७ नंतरचं ड्युरामॅक्स घ्या.

१२,००० च्या वर, दरवर्षी रॉकी किंवा सिएरा ओलांडणं, मुक्काम गावापासून शंभर मैल दूर: नवंच, आणि ३५०० वर्गाचं. ५ वर्षं किंवा १ लाख मैलांच्या इंजिन वॉरंटीतली गाडी मिळाली तर उत्तम, कारण इथे बिघाडाची किंमत दुरुस्तीबरोबर टोइंग, हॉटेल आणि रखडलेली सुट्टी मिळून होते. रॅम घेत असाल तर २०२४ पर्यंतच्या ३५०० मध्ये आयसिन गिअरबॉक्सचा हाय आउटपुट प्रकार शोधा. नेहमीचा ६८आरएफई गिअरबॉक्स या वजनाला कमी पडतो.

आणि वर्षातून दोनदा योसेमिटी किंवा यलोस्टोन, बाकी वर्षभर रोज पाच मैल ऑफिस, असा वापर असेल तर जुनं-नवं कोणतंच डिझेल घेऊ नका. फोर्डचं २०२० पासूनचं ७.३ लिटर पेट्रोल इंजिन ४३० हॉर्सपॉवर आणि किमान ४७५ पौंड-फूट देतं, पेलोड जास्त सोडतं, त्यात डीपीएफही नाही आणि डीईएफही नाही. चढावर ते ४,००० आरपीएमवर ओरडेल. ओरडू द्या, ते त्यासाठीच बनवलं आहे.